मिठबावची सहल आणि राखेखालचे चोवीस तास

माझ्या बाबांनी आम्हाला कधीच कुठे फिरायला नेलं नाही. कोल्हापुरात पस्तीस वर्षं गॅस वेल्डिंग केलं, रविवारीसुद्धा. त्यामुळे एप्रिलच्या शेवटी एका सकाळी चहा पिताना ते म्हणाले, "माधवी, शाळेला सुट्टी लागली न्हवं तुला? चल, मालवणकडं जाऊन यिऊ चार दिस," तेव्हा माझ्या हातातला कप तसाच राहिला.

जानेवारीत त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. हृदयात दोन स्प्रिंगा. डॉक्टरांनी बजावलं होतं, उन्हात हिंडायचं नाही आणि भट्टीजवळ तर मुळीच जायचं नाही. मे महिन्यात कोकणात जाणं हे पहिल्या सूचनेच्या विरुद्धच होतं, पण वडील पहिल्यांदा काहीतरी मागत होते. नवऱ्याला सुटी नव्हती, मुलगी शिबिराला गेलेली. बाबांच्या ओळखीचे दत्ताराम नावाचे गृहस्थ मिठबावला राहतात, त्यांच्याकडे उतरायचं ठरलं. ऐन तारुण्यात दोन वर्षं ते कोल्हापूरच्या फौंड्रीत बाबांच्या शेजारी कामाला होते, मग गावी परतून त्यांनी बोट घेतली. मी ब्लॉगसाठी वही घेतली, कॅमेऱ्याचे सेल घेतले, आणि बाबांच्या औषधांची वेगळी पिशवी केली. जिभेखाली ठेवायची गोळी मात्र माझ्या पर्समध्येच ठेवली.

तुम्ही कोल्हापूरहून जाणार असाल तर पहाटेची एसटी धरा. राधानगरीपर्यंत गारवा असतो, फोंडा घाट उतरताना उजवीकडच्या खिडकीत बसा. भाडं शंभर-सव्वाशेच्या आत. दहाच्या सुमाराला आम्ही कणकवली स्टँडवर उतरलो. आता आचऱ्याची गाडी पकडायची म्हणून मी बाबांची बॅग उचलली, आणि ती जागची हलेचना.

"बाबा, यात काय भरलंय?"

"कापडं."

मी तिथेच बाकावर बॅग उघडली. दोन शर्ट, एक लुंगी. त्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बिडाच्या कांड्या, हातभर लांब, वीसेक तरी असतील. सवागीचा डबा, वेल्डिंग करताना टाकायच्या पांढऱ्या पुडीचा. आणि वेल्डिंगचा निळा चष्मा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: बीड म्हणजे ओतीव लोखंड. डोशाचा जाड तवा ज्याचा असतो ते. आणि बिडाचं वेल्डिंग ही बाबांची खासियत होती. कोल्हापुरातल्या ऊसवाल्यांचे चरक, पंपांची कवचं, इंजिनांचे ब्लॉक, सगळं फुटलं की त्यांच्याकडे यायचं.

"दत्ताच्या बोटीचं हेड फुटलंय," बाबा स्टँडच्या घड्याळाकडे बघत म्हणाले. "इंजिन जुनं. कंपनीनं ते करायचं कवाच बंद केलंय. सुटा भाग मिळंना कुठं. पावसाआधी महिनाभर मासेमारी हाय, तेवढ्यावर त्याचं वर्ष चालतंय."

"आणि तुम्ही भट्टी लावणार? तुम्ही?"

"बघून तर येऊ. बघायला काय लागतंय?"

समोरच परतीची कोल्हापूर गाडी लागलेली होती. खरं सांगते, मी दोन पावलं तिच्याकडे टाकली. मग वळून बघितलं तर बाबा ती बॅग दोन्ही हातांनी ओढत आचऱ्याच्या फलाटाकडे निघाले होते आणि त्यांना धाप लागली होती. मी धावत जाऊन बॅग घेतली. अट घातली: फक्त बघायचं आणि सांगायचं, विस्तवाला हात लावायचा नाही. ते "बरं" म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले, की मी ते पुन्हा एकदा वदवून घेतलं.

आचऱ्याहून रिक्षाने मिठबाव. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना हापूसची कलमं, आणि पुढे अचानक खाडी. डांबर इतकं तापलेलं की रिक्षाच्या चाकांचा चिकट आवाज येत होता.

दत्तारामकाका खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उभेच होते. काटक माणूस, केस पांढरे, डोळे तारवटलेले. "येवा, गजाभाऊ, येवा! गो बाय, पाणी घे आधी." त्यांची बायको, बाबांची म्हणून माझीही सुलभावहिनी, सोलकढीचे पेले घेऊन आली. जेवायला बांगड्याचं तिकलं, म्हणजे तिखट दाट कालवण, आणि उकड्या तांदळाचा भात. हे जेवण मी एरवी परिच्छेदभर लिहिलं असतं. पण मी बाबांकडे बघत जेवत होते आणि बाबा पडवीत गोणपाटावर ठेवलेल्या त्या हेडकडे, इंजिनाच्या वरच्या ओतीव झाकणाकडे.

हात धुतल्या धुतल्या ते त्याच्यापाशी बसले. खिशातून लहानसा हातोडा काढून त्यांनी हेडवर हलकेच मारलं. चांगलं बीड घंटेसारखं वाजतं, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. हे भद्द वाजलं. एका बोल्टच्या भोकापासून कडेपर्यंत वीतभर तडा गेला होता. त्यावर कोणीतरी आधीच वेल्डिंग केलेलं होतं, आणि त्या वेल्डिंगला लागूनच दुसरा नवा तडा.

"हे कुणी केलं?"

"मी," खांबाला टेकून उभा असलेला माणूस म्हणाला. तिशी-पस्तिशीचा, गळ्यात छोटा क्रूस, शर्टावर ठिणग्यांची भोकं. हा सावियो, आचरा रस्त्यावर त्याचं वेल्डिंगचं दुकान. "सगळे असाच करतत, मेस्त्री."

"थंड बिडावर?"

सावियोने होकारार्थी मान हलवली.

"लोखंडाला चालतंय," बाबा म्हणाले. आवाज चढवला नाही, उलट खाली आणला. "लोखंड ताणून घेतंय. बिडाला ताणणं माहीत न्हाई. एका जागी तापवलंस, तेवढंच फुगलं. बाजूचं थंड, ते जागा देत न्हाई. मग निवताना हे आकसतंय, वढतंय, आणि तुटतंय. सगळंच्या सगळं आधी लाल करायला पायजे. आणि निवताना सगळं एकदम निवाय पायजे." मग तड्यावरून अंगठा फिरवत त्यांनी विचारलं, "पण पयला तडा कशानं गेला? ह्यावर पाणी कोण वतलं?"

दत्तारामकाका विडी शोधायला लागले. "कोण ओततला?" सुलभावहिनी म्हणाली. "जुना झालेला, फुटला. काय थोडाबहुत उरलेला, तां ह्या सावियोन मोडल्यान."

संध्याकाळी तांबळडेगच्या किनाऱ्यावर गेलो. लांबच लांब किनारा, माणूस नाही, सुरूची झाडं आणि पाण्यात पडलेला सूर्य. फोटो चांगले आले आहेत. बाबा वाळूत बसून बोटाने काहीतरी काढत होते. जवळ जाऊन पाहिलं तर भट्टीचा नकाशा.

"तुम्ही म्हणाला होता फक्त बघायचं."

"व्हय. बघितलं."

रागाने मला रडू यायला लागलं. मी म्हटलं, तुमच्या छातीत काही झालं तर इथून मोठा दवाखाना किती लांब आहे याचा विचार केलाय का? मोबाइलला रेंज नाही इथे. त्यांनी बोटांची वाळू झटकली. मग म्हणाले, "माधवी, घरी बसून बी मी तेच ऐकत असतो, छातीत काय हुतंय का. दिसभर. हितं निदान दुसरं कायतरी ऐकीन."

मी त्यांच्या शेजारी वाळूत बसले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कामाला लागलो. खळ्याच्या कोपऱ्यात, आंब्याच्या सावलीत जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची चौकट रचली. तळाला विहिरीजवळचा एक सपाट काळा दगड ठेवला, हेड डगमगू नये म्हणून. त्यावर हेड, सभोवती करवंट्या आणि कोळसा. दोन्ही घरात पोत्यांनी होतं. सावियोने टेम्पोतून गॅसच्या बाटल्या आणल्या. बाबांनी त्याला यायला सांगितलं होतं. सुलभावहिनीला ते आवडलेलं दिसत नव्हतं.

बाबांची एकच ताकीद: भट्टीजवळ पाण्याचा थेंब आणायचा नाही. प्यायचं पाणीसुद्धा पडवीत जाऊन प्यायचं.

करवंट्या कशा पेटतात हे पाहण्यासारखं आहे. आधी काळा धूर, मग तेल सुटल्यासारखी पिवळी ज्वाळा, मग एकदम धूर संपतो आणि पांढरी आच लागते. तास गेला, हेड काळंच. दुसरा तास गेला. बाबा भट्टीपासून दहा फुटांवर खुर्चीत, डोक्याला पंचा. मी दर दहा मिनिटांनी त्यांच्या कपाळाकडे बघायची. घाम येतोय, म्हणजे बरं. घाम थंड तर नाही? हात लावायला गेले की ते मान मागे घ्यायचे.

मध्येच निखारे सारखे करायला सावियोने स्वयंपाकघरातला लांब दांड्याचा ॲल्युमिनियमचा डाव घेतला. बाबा "न्हाई, ते न्हाई" म्हणेपर्यंत डावाचा पुढचा वाटोळा भाग वाकला आणि टपकन निखाऱ्यांत पडला. तो लाल झाला नव्हता, की त्याचा रंगही बदलला नव्हता. शेवटपर्यंत पांढराशुभ्र.

"लोखंड लाल हुतंय, म्हंजे सांगतंय तरी," बाबा म्हणाले. "ॲल्युमिनियम सांगत न्हाई. गप बसतंय आणि एकदम खाली पडतंय."

मी त्यांच्याकडे बघितलं. जानेवारीत ते तीन आठवडे छाती दुखत असताना कोणाला काही न सांगता हिंडत होते, आणि मग दारातच कोसळले. पण त्यांच्या चेहऱ्यावर असं काही नव्हतं. ते फक्त डावाबद्दल बोलत होते.

अकराच्या सुमाराला त्यांनी वर ताडपत्री बांधायला लावली. उन्हात बीड काळंच दिसतं. गडद सावली केली की मग कळतं. ताडपत्रीखाली अंधार झाला आणि आम्हा सगळ्यांना ते दिसलं: हेड आतून मंद लाल झालं होतं, पिकलेल्या कोकमासारखं. काका नकळत दोन पावलं मागे सरले.

"आता," बाबा म्हणाले आणि उठले.

मी आडवी गेले. "माझी अट होती."

"अर्धा तास, पोरी. अर्धाच तास."

त्यांनी निळा चष्मा लावला, पत्र्याच्या आडोशाआडून हात घातला, सावियोने ज्योत पेटवून त्यांच्या हातात दिली. झळ मला आठ फुटांवर सोसत नव्हती. माझ्या मुठीत ती गोळीची पट्टी होती. कांडीचं टोक वितळलं, सवागीचा काचेसारखा थर चमकला. बाबांचा हात अजिबात थरथरत नव्हता. पण वितळलेलं बीड तड्यावर पडतच नव्हतं, बाजूला पडत होतं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्यांनी ज्योत मागे घेतली.

मी ओरडले, "बाबा, छातीत दुखतंय का?"

"न्हाई." त्यांनी चष्मा वर केला. "दिसंना मला. तड्याची रेघ दिसंना." मग म्हणाले, "सावियो, हिकडं ये."

सावियो हलला नाही. "मेस्त्री, माझ्यान होवचा नाय. आधीच एकदा मोडलंय मिया."

"तुझं डोळं चांगलं हायत. माझं गेलं. मी सांगतो तसं कर. लवकर, निवतंय ते."

पुढचा पाऊण तास मी विसरणार नाही. बाबा सावियोच्या खांद्यामागे उभे, एक हात त्याच्या पाठीवर. "थांब. पाणी हू दे त्याचं. आता कांडी. हळू. फिरव. घाई नको. मागं जाऊ नको, फुडं चल." बिडाचं पाणी असं ते वितळलेल्या धातूला म्हणतात. सावियोच्या नाकावरून घामाचा थेंब ओघळून हेडवर पडला आणि चर्र वाजलं, तेव्हा आम्ही सगळे दचकलो. काही झालं नाही. अधूनमधून काका निखारे सरकवत होते. सुलभावहिनी देवघरात जाऊन पुन्हा बाहेर येत होती.

काम संपलं तेव्हा एक वाजून गेला होता. सावियोने ज्योत बंद केली आणि तो जमिनीवरच बसला. बाबांनी हेडवर आणखी निखारे ओढायला लावले, सगळं पुन्हा सारखं लाल झालं, मग त्यावर चुलीची कोरडी राख, टोपल्याच्या टोपल्या. वर पत्रा.

"आता उद्या दोनला उघडायचं. त्याआधी कोणी बोट लावायचं न्हाई. वारा लागला तरी फुटंल."

मी बाबांना पडवीत आडवं केलं, नाडी मोजली. नव्वद. हळूहळू ऐंशी. मीही भिंतीला टेकले. तिथेच डुलकी लागली असती, पण तीनच्या सुमाराला राखेच्या ढिगातून आवाज आला.

टण्ण.

एकच. स्वच्छ. काही तुटल्याचा.

बाबा उठून बसले. मग सुलभावहिनीचा बांध फुटला. "परत मोडलास मां, सावियो? आता काय करूचा आमी?"

सावियोने मान खाली घातली. बाबा म्हणाले, "उघडून बघता येत न्हाई. चांगलं असलं तरी आता उघडलं तर फुटंल." ती म्हणाली, "असा कसा? फुटलेलाच आसा तर बघूक काय झाला?" आणि ती खरंच ढिगाकडे निघाली.

"तेका बोला नको," दत्तारामकाका म्हणाले. ते पायरीवर बसले होते, कोणाकडेही न बघता. "पयला मिया मोडलंय."

वहिनी थांबली.

"बाहेर दर्यात होतंव. इंजिनातसून धूर इलो. माका वाटला, पेटतला. बोटीर दोन माणसा होती. बालदी घेतलंय आणि ओतलंय. टण करून आवाज इलो." त्यांनी तळवे पुढे करून पाहिले. "ह्यो आताचो आवाज आणि तेव्हाचो, एकच. तेव्हाच माका समाजला."

"आणि माका सांगलास नाय? पंधरा दिवस मी ह्याका शिव्या घालतंय!"

"धीर झालो नाय."

सावियोने काकांकडे पाहिलं. मग एवढंच म्हणाला, "पंधरा दिवस दुकानाक कोण काम घेऊन येयना." आणि उठून आपल्या बाटल्यांचे पाइप गुंडाळायला लागला. सुलभावहिनी आत गेली. थोड्या वेळाने ती बाहेर आली ती चहाचे कप घेऊन, आणि पहिला कप तिने त्याच्यापुढे धरला. माफी वगैरे कोणी मागितली नाही. त्याने कप घेतला.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला घालवूनच दिलं. "जा, किल्ला बघून ये. हितं बसून तू माझी नाडी मोजणार आणि त्या राखेकडं बघणार." सकाळच्या एसटीने मालवण गाठलं. धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर होड्या जातात, माणशी तीसेक रुपये, वर तासाभराचा वेळ देतात. सकाळीच जा, अकरानंतर तटावरचा दगड चपलेतूनही भाजतो. मेच्या अखेरीस समुद्र खवळला की होड्या बंद होतात, हेही लक्षात ठेवा.

आमच्या गटाला माहिती सांगणारा म्हणाला, की या किल्ल्याच्या पायात शिसं वितळवून ओतलं आहे, असं सांगतात. म्हणून साडेतीनशे वर्षांच्या लाटा खाऊन तो उभा आहे. एरवी मी मान डोलावून पुढे गेले असते. त्या दिवशी मी तटाला टेकून विचार करत राहिले: ओल्या खडकावर, भरती-ओहोटीच्या मध्ये, उकळतं शिसं ओतणारी ती माणसं किती भ्यायली असतील? थेंबभर पाणी अडकलं तर शिसं अंगावर उडतं. कोणीतरी शेजारी उभं राहून "थांब, आता ओत" म्हणालं असेल. कोणाची तरी मुलगी किनाऱ्यावरून बघत असेल.

तिथे मोबाइलला रेंज होती. मी काकांच्या घरच्या फोनवर फोन लावला. बाबांनीच उचलला.

"उघडलं न्हाई. मी बरा हाय. मासं खा."

बाजारपेठेजवळच्या एका घरगुती खानावळीत सुरमईचं ताट घेतलं. चव सांगता येणार नाही. सुरमई ताजी होती, एवढं आठवतं, आणि भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे होतं.

परतले तेव्हा पावणेतीन झाले होते. ढीग तसाच होता. चौघेही पडवीत बसून होते. "तुझ्यासाठी थांबलोय," बाबा म्हणाले, पण मला वाटतं, कोणालाच उघडायचं नव्हतं.

सावियोने हाताने राख बाजूला केली. आधी ऊबदार, मग आत जास्त गरम. हेड दिसू लागलं. बाबांनी त्यावर तळवा ठेवला, ताप उतरलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. राख झटकून आम्ही सगळे वाकलो. वेल्डिंगची रेघ जाड, ओबडधोबड आणि सलग होती. दुसरीकडे कुठे तडा नाही. बाबांनी हातोडा मारला. हेड वाजलं. घंटेसारखं नाही, पण वाजलं.

"मग काल आवाज कसलो?" काकांनी विचारलं.

सावियो आणि त्यांनी मिळून हेड उचललं. खाली तो विहिरीजवळचा काळा दगड मधोमध फुटून त्याचे दोन तुकडे झाले होते. जांभ्याचे चिरे कडेला जसेच्या तसे. सच्छिद्र दगड, त्याने सगळी आच सोसली. काळा दगड घट्ट, मजबूत. तोच उकलला होता. सुलभावहिनी हसत सुटली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

काम तिथे संपलं नाही. मी शिक्षिका, माझ्या पर्समध्ये शाळेचे खडू असतातच. बाबांनी बाहेरून खडू फासला आणि आतून रॉकेल ओतलं. तडा राहिला असेल तर खडूवर ओली रेघ उमटते. पाच मिनिटांनी एका टोकाला मोहरीएवढा ओला ठिपका आला. मी बाबांकडे पाहिलं.

"असू दे," बाबा म्हणाले. "एवढं भोक दोन दिसांत गंजानं आपोआप बुजतंय. पण दत्ता, पयलं चार दिस लांब जायचं न्हाई. आणि इंजिन गार ठेवणारी पाण्याची नळी साफ ठेव. ती तुंबली म्हणूनच तापलं हुतं."

तापून निवताना हेडचा तळ केसभर वाकलाही होता. सावियो हेड कुडाळला घेऊन गेला आणि तळ लेथवर सपाट करून रात्री उशिरा परत आला. चौथ्या दिवशी खाडीत, बांधलेल्या बोटीतच इंजिन चालू केलं. पहिली दहा मिनिटं मी किनाऱ्यावर पाठ फिरवून उभी होते. काका तासभर हेड हाताने चाचपत राहिले. अधूनमधून चटका बसून ते हात मागे घ्यायचे आणि पुन्हा ठेवायचे. तासाने इंजिन बंद झालं तेव्हा ते बाबांना एवढंच म्हणाले, "आसा." आहे, टिकून आहे.

निघताना सावियो आचऱ्यापर्यंत सोडायला आला. बाबा त्याला रिक्षातही काहीतरी सांगत होते, पितळ आणि तांब्याबद्दल. तो ऐकत होता.

आता घरी येऊन तीन आठवडे झाले. लोक विचारतात, मालवण कसं होतं? मी सांगते, छान. तांबळडेगला गर्दी नाही, किल्ला सकाळी बघा, तिकलं घरगुतीच खा. बाबांच्या मोतीबिंदूची तपासणी झाली. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. काकांचा फोन आला होता. बोट रोज जाऊन येते. ठिपका बुजला का, असं मी विचारलं, तर म्हणाले, बुजला. तरी दर्याकडे वारा सुटलाय असं टीव्हीवर दिसलं की मला त्या मोहरीएवढ्या जागेची आठवण येते. काळजी अशी एकदम निवत नाही.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते माझ्यावर रागावले, योग्यच होतं. पुन्हा मी बाबांना भट्टीजवळ जाऊ देईन का? नाही. गेले नसते तर बरं झालं असतं का? तेही मला म्हणता येत नाही.

परवा दुपारी भाजी घेऊन आम्ही दोघं आमच्या इमारतीचा जिना चढत होतो. लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. आजवर मीच प्रत्येक वळणावर विचारायचे, बरं वाटतंय ना, आणि ते न थांबता "व्हय" म्हणून पुढे जायचे. परवा पहिल्या मजल्याच्या वळणावर मी काही विचारायच्या आतच त्यांनी कठड्याला हात लावला.

"थांब जरा, माधवी," ते म्हणाले. "दम लागला."

आम्ही पायरीवर बसलो. मधे भाजीची पिशवी. मी नाडी मोजली नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, "चल आता," आणि आम्ही उठलो.